शाळा विचारणारे मालक

निळ्यांनी गोल केला की आमच्या घरातलं हायत्सुंग बंद पडायचं. हायत्सुंग म्हणजे घर गरम ठेवणारे ते भिंतीवरचे रेडिएटर. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची थंडी, जानेवारी महिना, मी भाकरी थापतेय आणि भिंतीवरचं लोखंड हळूहळू गार होत जायचं. मग हे खुर्चीतून म्हणायचे, “अगं, स्वेटर काढ. ग्लासगोत गोल झालेला दिसतोय.”

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे आणि तळघरातला बॉयलर त्यांच्या ताब्यात होता. त्यांचा क्लब ग्लासगोचा, फुटबॉलचा, हिरवा; निळे म्हणजे वैरी. हिरव्यांनी गोल केला तर ते पळीनं पाइप बडवायचे, दोन ठोके, आणि वर आमच्या कपबशा थरथरायच्या. निळ्यांनी केला तर काहीच आवाज नाही. नुसते जिना उतरून तळघरात जायचे आणि बॉयलरचं बटण पिळून यायचे. घरात सगळ्यांनीच सोसायचं, असा काहीतरी त्यांचा हिशोब असावा. एकदा निळ्यांनी चार गोल केले. त्या संध्याकाळी आम्ही दोघं एका रजईत बसून बातम्या बघितल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर, बरं का.

त्यांचं नाव मी सांगत नाही. आम्हीही कधी घेतलं नाही, मालकच म्हणायचो. अख्खी गल्ली त्यांना ‘डेर एंग्लेंडर’ म्हणायची, म्हणजे इंग्रज. पोस्टमन, बेकरीवाली, समोरचे ट्रामवाले, सगळे. त्यावर मालकांचा जीव नुसता जळायचा. जन्म ग्लासगोचा, म्हणजे स्कॉटलंडचा. आजा आयर्लंडहून पोट भरायला तिथं आलेला. धर्म कॅथलिक. यातलं इंग्रज काय आहे ते दाखवा, असं ते हात पसरून विचारायचे. बेकरीवाली शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “गेनाऊ, अगदी बरोबर. आणि इंग्लंडात पाव कसा मिळतो हो?”

निळं काही घरात चालायचं नाही. निळी बादली नाही, निळी चादर नाही. आमच्या भागात कागदाच्या कचऱ्याच्या डब्याला निळं झाकण असतं. ते त्यांनी हिरवं रंगवलं. हिरवं झाकण म्हणजे ओला कचरा, म्हणून कचरेवाले कागद बघायचे आणि डबा तसाच ठेवून जायचे. मग मालक दर शनिवारी रद्दी सायकलला बांधून तीन किलोमीटरवरच्या डेपोत नेऊन टाकायचे. चौदा वर्षं नेली, पण झाकण काही निळं केलं नाही.

केशरीचंही तसंच. आमच्या पहिल्या पाडव्याला मी खिडकीत गुढी उभारली, केशरी खणाची. सकाळी आठला दारावर थाप. मालक नाइट ड्रेसमध्ये, चेहरा पांढराफटक. “कोण येतंय? मोर्चा किती वाजता आहे?” मला काही कळेना. नंतर त्यांनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी केशरी पट्टे घातलेले प्रोटेस्टंट लोक ढोल बडवत मुद्दाम त्यांच्या गल्लीतून जायचे. त्या दिवशी आई पोरांना खाटेखाली निजवायची. मी म्हटलं, अहो मालक, हे आमचं नवीन वर्ष. उलटा तांब्या आहे तो, त्याला कोण घाबरतं?  पुढच्या वर्षीपासून मी हिरवा खण लावायला लागले. आपलं काय जातंय? खण तो खण.

पण माझी मोरपिशी साडी त्यांनी चालवून घेतली. दिवाळीला ती नेसून मी फराळाचं ताट घेऊन गेले, तर डोळे बारीक करून म्हणाले, “या रंगाला तुमच्यात काय म्हणतात?” मी सांगितलं, मोराचा रंग. ते विचार करून म्हणाले, “मोरात हिरवा असतो.” आणि चकली उचलली.

घर आम्हाला मिळालं ती गोष्ट सांगायलाच हवी. या देशात भाड्याचं घर मिळवणं म्हणजे काय ते ज्यानं शोधलंय त्यालाच माहीत. आम्ही जुनं घर सोडायचं ठरवलं तेव्हा हे फोन करायचे. यांचं जर्मन स्वच्छ, समोरचा छान बोलायचा. नाव विचारलं, नाव सांगितलं, की “अरे, आत्ताच गेलं बघा घर.” सत्तावीस घरं अशी आत्ताच गेली. अठ्ठाविसावं मालकांचं. त्यांनी नाव विचारलंच नाही. खुर्चीवर बसवलं, चहा दिला, दूध घातलेला, आणि म्हणाले, “शाळा कुठली?”

यांनी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव सांगितलं. “ते नाही, लहानपणची.” मग माझ्याकडं वळले. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं आपलं आपण. इथं एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं बटाटे सोलले, जर्मन तिथं शिकले. मी म्हटलं, “जीवन शिक्षण विद्यामंदिर, तालुका खटाव.”

“कुठल्या संताचं नाव आहे हे?”

“संताचं नाही. जिल्हा परिषदेची आहे.”

त्यांनी माझ्याकडून ते नाव तीनदा म्हणवून घेतलं. कागदावर लिहिलं. कागद आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला. मग एकदम हसले आणि किल्ली टेबलावर ठेवली. “आयुष्यात पहिल्यांदा मी हा प्रश्न विचारला आणि मला उत्तरातून काही म्हणजे काही कळलं नाही. राहा.”

हा प्रश्न म्हणजे त्यांच्या गावची रीत. तिथं कॅथलिकांच्या शाळा वेगळ्या, प्रोटेस्टंटांच्या वेगळ्या. तुम्ही कोण, असं थेट विचारणं वाईट दिसतं, म्हणून शाळा विचारायची. शाळेच्या नावात संत असला की समजायचं, हा आयरिश, हा आपला नाही. त्यांचे वडील पत्रे जोडणारे कारागीर, हात सोन्याचा. जहाजाच्या कारखान्याच्या गेटवर उभे राहिले. मुकादमानं हात बघितले, खूश झाला, पाठीवर थाप मारली आणि विचारलं, शाळा कुठली? वडिलांनी सांगितली. मुकादम म्हणाला, “जागा होती, पण आत्ताच भरली.” हे सगळं मालक टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधता बांधता सांगायचे, हवापाण्याचं सांगावं तसं. मला मात्र आमची ती सत्तावीस घरं आठवायची.

क्लबही तसेच वाटलेले. हिरवे आयरिशांचे, निळे त्या दुसऱ्यांचे. मॅचहून घरी येताना मालक मफलर कोटाच्या आत, बनियनखाली घालायचे, घाम पुसत. निळ्यांच्या लोकांनी बसमध्ये नाव विचारलं तर सांगायला आईनं एक खोटं नाव पाठ करून घेतलं होतं. “ते नाव अजून झोपेत विचारलं तरी सांगतो,” म्हणायचे. “खरं सांगायला जरा वेळ लागतो.”

पंचविशीत वेल्डर म्हणून इथं आले. इथली एक मुलगी आवडली, लग्न केलं. ती बाई देवमाणूस होती, आता नाही. तिनं मला सांगितलेली गोष्ट. गावात नाव नोंदवायला मालक ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईनं नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि मान वर न करता विचारलं, “धर्म?” मालक उठले आणि चालू लागले. बायकोनं त्यांना जिन्यातून ओढून आणलं. “कशाला हवाय धर्म?” “चर्चचा कर लावायला,” बाई म्हणाली. “कॅथलिक असलात तर तिकडं जाईल, प्रोटेस्टंट असलात तर इकडं.”  मालक हसायला लागले, ते हसता हसता फरशीवरच बसले. “ग्लासगोत आडून विचारतात आणि हाकलून देतात. इथं तोंडावर विचारतात आणि शिक्का मारून देतात!” त्या दिवसापासून त्यांना जर्मनी आवडली. तो शिक्क्याचा कागद त्यांनी फ्रेम करून संडासात लावला होता.

आता अंड्यांचं सांगते. त्यात चूक माझी होती.

यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला त्यानंतरची गोष्ट. मालकांनी आमच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी रेलिंग स्वतः वेल्डिंग करून बसवलं होतं. असं भक्कम, की हत्ती धरून चढला असता. रविवारी हे त्या रेलिंगला धरून खाली मॅच बघायला जायचे. एकदा मी टोमॅटोचं सार दिलं होतं. यांचा हात थरथरला आणि सार मालकांच्या मफलरवर. हिरवा-पांढरा, पन्नास वर्षांचा मफलर. मालक “असू दे, असू दे” म्हणत होते, पण चेहरा असा, की जणू घरात कोणी आजारी पडलंय. मी तो नेला, कोमट पाण्यात धुतला आणि पुढच्या रविवारी उन्हाला म्हणून रस्त्याकडच्या खिडकीत वाळत घातला.

आता आमच्या गावचा क्लब निळा-पिवळा. आणि ट्रेननं पाऊण तासावर हॅनोव्हर. त्यांच्या क्लबाच्या झेंड्यात हिरवा-पांढरा आहे. आमच्या गावाचं आणि हॅनोव्हरचं म्हणजे साप-मुंगूस. त्या रविवारी नेमकी त्या दोघांची मॅच होती. मला यातलं काय माहीत? मी मफलर बघितला, तो वाळला की नाही एवढंच बघितलं.

चार वाजता पहिलं अंडं आलं. मग बरीच आली, खालून ‘हॅनोव्हर, हॅनोव्हर’ अशा आरोळ्यांसकट. मी खिडकी उघडून ओरडायला गेले तर एक माझ्या दुधाच्या पातेल्यात.

मालक बाहेर जाऊन भिंतीवरून ओघळणारं पिवळं बघत उभे राहिले. मला वाटलं चिडतील. तर चेहऱ्यावर एक वेगळंच तेज. “ओळखलं,” ते हळूच म्हणाले. “पंचेचाळीस वर्षं लागली, पण ओळखलं मला. इथंही आयरिशांना अंडी मारतात.”

“अहो, आयरिश नाही हो, हॅनोव्हर!” मी म्हटलं. “फेकणाऱ्यांना वाटलं तुम्ही हॅनोव्हरवाले.”

“तू साधी आहेस,” ते म्हणाले. “यात धर्म आहे.”

संध्याकाळी समोरचे ट्रामवाले आले. आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला सरळ माणूस, हातात बादली आणि ब्रश. त्यांच्या नातवंडांनीच फेकली होती म्हणे. खूप शरमले होते, मफलरचं खरं मी सांगितल्यावर आणखीच. छातीवर हात ठेवून म्हणाले, “शपथेवर सांगतो, हा कॅथलिकांचा मफलर आहे हे माहीत असतं तर कुणाची हिंमत झाली नसती. आम्ही त्यातले नाही. धर्मावरून माणसाला त्रास देणं, छे! आम्हाला फक्त वाटलं तुम्ही हॅनोव्हरचे.”

मालक पायरीवर बसले. “हॅनोव्हरवाल्यांचं चर्च वेगळं आहे?”

“नाही.”

“भाषा वेगळी?”

“नाही. आपल्यापेक्षा जरा शुद्ध बोलतात म्हणे.”

“त्यांचा आजा दुष्काळात उपाशी मरायची पाळी आली म्हणून तुमच्या गावात आला होता? तुमची कामं घेतली त्यानं?”

“छे छे. माझी सून हॅनोव्हरची आहे. चांगली आहे.”

“मग कशासाठी?”

ट्रामवाले बादलीकडं वळले. ब्रश बादलीत बुडवला, काढला. “हॅनोव्हर आहे ना,” ते म्हणाले. “म्हणून.”

मालक उठून आत गेले. दार लावताना मला म्हणाले, “आमच्याकडं निदान कारण तरी होतं.”

त्यानंतर त्यांचं मन उडालं. दोन आठवडे पाइप वाजला नाही, हायत्सुंग बंद पडलं नाही. मग एका सकाळी वर आले, यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “घर विकतो. आयर्लंडला जातो. जन्मभर स्टेडियममध्ये निळ्यांचे हजारो लोक आम्हा आयरिशांना ओरडून सांगत होते, घरी जा. म्हटलं, जाऊन बघावं.”

“पण मालक, तुम्ही तिथं राहिलाय कधी?” यांनी विचारलं.

“दोनदा गेलोय. दोन्ही वेळा पाऊस होता.”

मला रात्रभर झोप नाही. नवा मालक येणार, तो म्हणणार मला वरचा मजला हवा, आणि कायद्यानं त्याला तसं म्हणता येतं. मग आम्ही कुठं जायचं? एकाचा अर्धा हात-पाय गेलेला, दुसरीचे गुडघे. पुन्हा फोन, पुन्हा नाव, पुन्हा “आत्ताच गेलं”. आणि दुसऱ्या कुठल्या जिन्याला हे रेलिंग असणार?

घर बघायला लोक यायला लागले. मालक सगळ्यांना शाळा विचारायचे. जर्मन माणसं बिचारी गोंधळायची. एक डॉक्टरीण बाई म्हणाली, “पण मी कर्ज आधीच मंजूर करून आणलंय.” एका माणसाला वाटलं ही ऐपतीची चौकशी आहे, तो चिडून गेला. मालक म्हणायचे, “बघ, लपवतोय काहीतरी.” मला बरं वाटायचं. पण असं किती दिवस चालणार? म्हणून मी ठरवलं, गिऱ्हाईक आपणच शोधायचं. आपल्यातलं कुणी मिळालं तर आपल्याला ठेवून घेईल.

आदल्या वर्षीच्या गणपतीच्या कार्यक्रमात एक जोडपं भेटलं होतं, सुशील आणि स्नेहा. दोघं सॉफ्टवेअरवाले, कामाला वोल्फ्सबुर्गकडं, घर शोधत होते. मी बोलावलं. रविवारी तीनला आले. मी कांदेपोहे केले, जसं काही आमच्याकडंच मुलगी बघायला येणार होते. पोरगा गुणी. आल्या आल्या यांच्या पाया पडला, रेलिंग हातानं हलवून बघितलं आणि म्हणाला, “काका, हे बसवणारा माणूस कोण? याच्या पाया पडायला पाहिजे.” मी मालकांना त्याचं जर्मन करून सांगितलं, मालक तिथंच खलास.

“शाळा कुठली?” मालकांनी विचारलं.

“नगरपालिका शाळा क्रमांक नऊ,” सुशील म्हणाला.

“क्रमांक! शाळेला नंबर!” मालक माझ्याकडं वळले. “नंबरावरून कुणाला काय कळणार? कुणाला सुचलं हे? याला घर द्यायचं.”

आता झालं होतं सगळं. मी फक्त गप्प बसायचं होतं. पोह्यांवर खोबरं घालत मी म्हटलं, “आडनाव नाही सांगितलंत?”

“सुशील आनंद म्हणालो ना, काकू.”

“ते वडिलांचं नाव झालं. आडनाव?”

त्यानं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण हनुवटी जराशी वर गेली, पुष्कळ दारांत उभं राहून जिला सवय झालीय तशी. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर मी जे केलं तेच तुम्ही कराल. आणि मी काय केलं? म्हटलं, “अच्छा. म्हणजे कुठले?”

स्नेहानं बशी खाली ठेवली. “काकू, अजून एक प्रश्न राहिलाय. तोही विचारून घ्या. पोहे गार व्हायच्या आत आम्हाला निघता येईल.”

“स्नेहा, राहू दे,” सुशील म्हणाला.

“अगं, मी सहज विचारलं,” मी म्हटलं.

ते उठले. “येतो काका” म्हणाले, “येतो काकू” म्हणाले, बूट घातले आणि गेले. चार बशा तशाच राहिल्या.

मालकांना मराठीचा गंध नाही. पण ते खिडकीत उभे राहून त्या दोघांची गाडी जाईपर्यंत बघत होते. मग वळून म्हणाले, “तो चेहरा मी ओळखतो. काय विचारलंस तू त्याला?”

“काही नाही. आडनाव.”

“आडनावावरून काय कळतं?”

“काही नाही.”

“काही कळत नाही तर विचारतात कशाला?”

“सवय असते हो आमच्यात. कुठले, कुणाचे. ओळख निघते.”

“ओळखच निघते,” ते म्हणाले. “माझ्या बापाचीही गेटवर ओळखच निघाली.”  मग म्हणाले, “मी तुला काय समजत होतो! तू तर ग्लासगोची निघालीस.”

खुर्चीतून हे त्यांच्या त्या जड जिभेनं म्हणाले, “मी तीस वर्षं हेच सांगतोय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक वर आले ते बायकोच्या अंत्यविधीला घातलेला सूट घालून. “चल.” मी कुठं म्हणून विचारलं नाही. ट्राममध्ये मी मनात वाक्यं जुळवत होते. आमच्या वेळी असं नव्हतं, माझ्या मनात तसं काही नव्हतं, माझ्या मैत्रिणींत सगळ्या आहेत. मालक मध्येच म्हणाले, “मुकादमालाही मैत्रिणी होत्या.” मी मोठ्यानं, तेही जर्मनमध्ये, बोलत होते की काय, देव जाणे.

दार स्नेहानं उघडलं. 

“चुकले,” मी म्हटलं. “आणि सहज नव्हतं विचारलं. ऐकायचंच होतं मला. सत्तावीस लोकांनी आमचं नाव ऐकून फोन ठेवला होता, तरी ऐकायचंच होतं.”

तिनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, “आत या. चहा टाकते.” हसली नाही, हेही सांगते. ती माझ्याशी नीट हसायला लागायला पुढं वर्ष गेलं, आणि ते बरोबरच होतं.

सुशीलनं चहा पिताना एवढंच सांगितलं, “घर आवडलंय. वरचा मजला काका-काकूंचाच राहील. एवढं रेलिंग कापून काढायचं म्हणजे पाप लागेल.” मी पदर डोळ्यांना लावला. मालकांना वाटलं, नाही म्हणाले. ते उठायलाच लागले होते.

नोटरीकडं सह्या झाल्या आणि सप्टेंबरात मालक दोन पेट्या घेऊन गेले, आजाच्या गावाला. निघताना सुशीलला बॉयलर समजावून दिला, अडीच तास. अंगणात सगळे उभे होतो, ट्रामवालेसुद्धा. 

अकराव्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. मालक. दोन पेट्यांतली एकच हातात.

“काय झालं?” मी विचारलं. स्नेहाही दारात आली.

“गाव छान आहे,” ते म्हणाले. “माणसं छान आहेत. पहिल्याच दिवशी रस्त्यावर गाडी नाही, घोडा नाही, तरी मी लाल दिव्याला थांबलो. लोक बघायला लागले. मग बस चार मिनिटं उशिरा आली, म्हणून मी ड्रायव्हरला बोललो. मग मी कचरा वेगळा केला. तिसऱ्या दिवसापासून मला सगळे ‘जर्मन’ म्हणायला लागले. प्रेमानं, हो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, सुट्टी संपवून घरी कधी जाणार?”

कुणी हसलं नाही. म्हणजे हसू येत होतं, पण ते पेटी हातातून खाली ठेवत नव्हते. आपल्याच दारात उभे, आणि दार आता आपलं नाही. ते स्नेहाला अगदी जर्मन अदबीनं म्हणाले, “मागची खोली तुम्ही भाड्यानं देणार आहात, असं ऐकलं.”

त्या खोलीत सुशीलचा व्यायामाचा पसारा होता, ती भाड्यानं द्यायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण स्नेहा हुशार. ‘अहो या, तुमचंच घर’ असं काही बोलली नाही. बोलली असती तर ते तिथूनच परत फिरले असते. ती म्हणाली, “हो, देणार आहोत. पण नियमाप्रमाणं फॉर्म भरावा लागेल.” आणि खरंच कॉम्प्युटरवरून फॉर्म काढला, भाडेकरूनं स्वतःची माहिती भरून द्यायचा असतो तो. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. समोर मालक, पाठ ताठ, टोपी मांडीवर. मी चहाला आधण ठेवलं.

“कुत्रा, मांजर?”

“नाही.”

“वाद्य वाजवता?”

“पाइप,” मी मध्येच म्हटलं. स्नेहानं ‘नाही’ लिहिलं.

“किती माणसं राहणार?”

“एक.”

“सध्याचं घर सोडण्याचं कारण?”

मालक टोपीची कड फिरवत राहिले. चहाला उकळी आली, मी गॅस बारीक केला.

“लिहा,” ते म्हणाले. “लोक सांगत होते, घरी जा. म्हणून आलोय.”

स्नेहानं मान खाली घातली आणि तस्संच लिहिलं, फॉर्मवर जागा पुरेना म्हणून समासात.